सतरा टोप्या आणि साठ कथा

मंडळाच्या पहिल्या वर्षाच्या हिशोबाचा कागद माझ्याकडं अजून आहे. जमा ८,५०० रुपये: १७ सभासद, माणशी ५००. खर्चाच्या बाजूला फ्लेक्स, लेटरहेड, रबरी शिक्का, हॉलचं भाडं, चहा, कटवडा आणि १७ टोप्या. पुस्तकांच्या रकान्यात शून्य. शेरलॉक होम्सच्या नावानं काढलेल्या मंडळानं वर्षभरात होम्सचं एकही पुस्तक घेतलं नव्हतं, आणि वार्षिक सभेत हा हिशोब वाचून दाखवला तेव्हा एकाच्याही ते लक्षात आलं नाही. ‘मंजूर, मंजूर’ म्हणत सगळे चहाकडं वळले.

मी या मंडळाचा पहिल्यापासूनचा चिटणीस. तेव्हा ही नोंद त्रयस्थाची नव्हे. चुकांत माझा वाटा आहे, टोप्यांची ऑर्डर तर मीच दिली होती. पण असं मंडळ काढायचं म्हणून अधूनमधून कुणीतरी विचारायला येतं, आणि दरवेळी पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

कोल्हापुरात चार माणसं दोन संध्याकाळी एका कट्ट्यावर बसली की तिसऱ्या संध्याकाळी मंडळ निघतं. आमचं रंकाळ्यावर निघालं. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक इतिहासाचे सर, पापाच्या तिकटीजवळ छापखाना असलेले एक गृहस्थ आणि मी. चौघांनीही भालबा केळकरांच्या मराठी अनुवादातून लहानपणी होम्स वाचलेला, हे भेळ खाता खाता निघालं. सर म्हणाले, लंडन-न्यूयॉर्कात १९३४ सालीच होम्सप्रेमींची मंडळं निघाली, जपानात १९७७ पासून आहे. मग कोल्हापुरानं काय घोडं मारलंय?

पहिल्या बैठकीला सतराजण आले आणि पहिलाच प्रश्न आला: होम्सच का? बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेले दोघं होते. झुंजार आणि काळापहाड असताना लंडनच्या माणसाच्या आरत्या कशाला ओवाळायच्या, असं त्यांचं म्हणणं. एका मुलीला ब्योमकेश बक्षी हवा होता. तिचा मुद्दा मला आजही आवडतो: त्याचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२ नंतर पुण्यात येऊन राहिले, म्हणजे ब्योमकेश निम्मा आपलाच. फास्टर फेणेचं नाव निघालं तेव्हा सगळ्यांचेच चेहरे उजळले, पण तो गुप्तहेर की उचापतखोर पोरगा यावर अर्धा तास गेला. शेवटी ‘सगळेच घेऊया’ अशी तडजोड होऊ घातली होती, तेवढ्यात पोस्टमास्तरांनी खिशातून कागद काढला.

“होम्सच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या. एकूण ६०. महिन्याला एक वाचली तर बरोबर पाच वर्षं. अर्नाळकरांच्या हजारावर आहेत. महिन्याला एक धरली तर ऐंशी वर्षांच्या वर जातंय, आणि मी आत्ताच ६८ चा.”

हशा पिकला आणि होम्स पास झाला. सगळे गुप्तहेर घेतले असते तर ते साधं वाचक मंडळ झालं असतं, आणि करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं असलेल्या गावात आणखी एका वाचक मंडळाची कुणाला गरज होती? दुर्दैव एवढंच की त्या कागदावर खरी युक्ती लिहिलेली होती (साठ कथा, महिन्याला एक) आणि आम्ही तिचा उपयोग फक्त भांडण मिटवायला केला. कागद फाईलला लागला आणि आम्ही पदाधिकारी निवडायला बसलो.

अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, प्रसिद्धिप्रमुख आणि तीन सल्लागार. सतरांतले अकरा. सतरांत चार बायका होत्या, अकरांत एकही नाही. न्यूयॉर्कच्या त्या जुन्या मंडळाला बायकांना सभासद करून घ्यायला १९९१ साल उजाडलं होतं. आम्ही नकळत परंपरा पाळली म्हणायची. पुढं मंडळ बसलं ते ज्या नर्सताईंनी पुन्हा उभं केलं, त्यांना पहिल्या वर्षी आम्ही फक्त हजेरीपटावर ठेवलं होतं.

नोंदणीवर दोन महिने गेले. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली सात माणसं आणि एक घटना एवढ्यावर संस्था होते. सात सह्या कोल्हापुरात चहा थंड व्हायच्या आत मिळतात. पण महाराष्ट्रात तेवढ्यावर भागत नाही. तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंदवावी लागते, दरवर्षी हिशोब तपासून द्यावे लागतात आणि पदाधिकारी बदलला की चेंज रिपोर्ट. आमचे पदाधिकारी रुसव्याफुगव्यात वर्षातनं तीनदा बदलले. वकिलानं फाईल चाळून विचारलं, “जागा घेणार आहात? देणग्या घेणार आहात? सरकारी अनुदान?” तिन्हीला नाही म्हटल्यावर तो म्हणाला, “मग कशाला?” हा प्रश्न त्यानं फुकटात विचारला. वर्षातला तेवढाच सल्ला कामाचा होता. आजही आमची नोंदणी नाही. वर्गणी फक्त सभासदांची, रोख, आणि खजिनदाराच्या वहीत प्रत्येकाची सही.

टोप्यांचं सांगून टाकतो. होम्स म्हटलं की पुढं-मागं झापड आणि कानावर बांधायचे कान असलेली टोपी, असं डोक्यात बसलेलं. मी एका शिंप्याला चित्र दाखवून १७ शिवून घेतल्या, चौकटीच्या लोकरी कापडात. उद्घाटन एप्रिलमध्ये. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात आम्ही अकराजण त्या टोप्या घालून व्यासपीठावर घाम पुसत बसलो होतो, आणि पहिल्या रांगेतलं एक पोरगं आईला मोठ्यानं विचारत होतं, “ही माणसं माकडटोपी घालून का बसल्यात?” नंतर वाचायला लागल्यावर कळलं की कथांमध्ये त्या टोपीचं आज रूढ असलेलं ‘डिअरस्टॉकर’ हे नाव कुठंच नाही. ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये कानपट्ट्यांच्या प्रवासी टोपीचा उल्लेख येतो तेवढाच. बाकीची करामत सिडनी पॅजेटच्या चित्रांची. म्हणजे उद्घाटनालाच आम्ही जाहीर करून टाकलं होतं की आम्ही मूळ वाचलेलं नाही.

तिसरी चूक झेरॉक्सची. एका अनुवादित कथेच्या ४० प्रती काढून आम्ही वाटल्या. मूळ इंग्रजी कथांवर भारतात आता कुणाचा हक्क राहिलेला नाही. होम्सचे लेखक कॉनन डॉइल १९३० साली गेले. पण अनुवादाचा हक्क वेगळा असतो, आणि तो अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. छापखानेवाल्यांनीच हे लक्षात आणून दिलं, तेही प्रती वाटून झाल्यावर. प्रती परत गोळा केल्या. हौशी मंडळानं पैसे न घेता श्रोत्यांपुढं काही सादर करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे; तेव्हापासून अनुवाद आम्ही मोठ्यानं वाचतो, तिकीट लावत नाही आणि प्रती काढत नाही.

वर्षभर महिन्याला एक व्याख्यान होत राहिलं. एका पाहुण्यांनी ‘होम्स आणि व्यक्तिमत्त्व विकास’ या विषयावर पाऊण तास घेतला. त्यांनी मालिका पाहिली होती, पुस्तक नाही. सभा रविवारी दुपारी चारला ठेवण्याचा अकलेचा तारा कुणी तोडला ते इतिवृत्तात नाही, पण फुटबॉलचा हंगाम सुरू झाला आणि शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने लागले की हॉलमध्ये पाचजण उरायचे. त्यातले दोघं मोबाईलवर स्कोअर बघायचे. वर्ष संपता संपता फ्लेक्सची एक बाजू फाटली. ती कुणी शिवलीही नाही.

मंडळ बंद करायचं ठरवायला म्हणून जी बैठक बोलावली, तिला आठजण आले. छापखान्याच्या वरच्या माडीवर, कागदाच्या रिमांवर बसून. आबा म्हणून एक सभासद आहेत, पाणीपुरवठ्यातून निवृत्त, तरुणपणी खासबागेत कुस्त्या केलेले. वर्षभर ते बैठकीला आले आणि कधी बोलले नाहीत. त्या दिवशी आम्ही एकमेकांवर ढकलाढकली करत असताना ते म्हणाले, “तालमीत अध्यक्ष नसला तरी चालतंय. हौदा पायजे.”

कुणी काही बोललं नाही. मग तेच पुढं म्हणाले, “पोरगं तालमीत मातीत उतरायला येतंय. हिथं येऊन करायचं काय, ते सांगा की. हिथं नुसतं बसायचंय.”

पोस्टमास्तरांचा तो कागद त्या दिवशी फाईलमधून बाहेर आला. पदं सगळी रद्द झाली; चिटणीस राहिला कारण वही कुणीतरी ठेवायला हवी, आणि खजिनदार राहिला कारण चहा कुणालाच सुटत नाही. वेळ रविवारी सकाळी दहा. जागा माडीचीच, भाडं शून्य. महिन्याला एक कथा, आणि ज्यानं ती वाचलेली नाही त्यानं यावं, ऐकावं, पण बोलू नये. इंग्रजी की मराठी हा वादही नर्सताईंनी एका वाक्यात संपवला: “ज्याला जे वाचता येतंय ते वाचा, आणि अडलं की दोन्ही काढून शेजारी ठेवा, मी सांगतो कुठं काय गळलंय.” (बाहेरगावच्या वाचकांसाठी: कोल्हापूरच्या बायका ‘सांगतो’च म्हणतात.)

तिसऱ्या महिन्यात ‘स्पेकल्ड बँड’ आली, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे टिकणार. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडावा. कथेतला डॉक्टर हिंदुस्थानातून आणलेला साप शिट्टीवर बोलावतो, दुधाच्या आमिषावर शिकवतो आणि घंटेच्या दोरीवरून पलीकडच्या खोलीत सोडतो. आमच्यात एक पॉलिटेक्निकचा पोरगा आहे, बत्तीस शिराळ्याचा. लहानपणापासून नागपंचमी बघितलेला. तो इतका वेळ हसला की कुणी त्याला पाणी दिलं. “सापाला दूध? आणि शिट्टी? त्याला बाहेरचा कानच नसतोय.” आबा म्हणाले, दोरीवरनं साप उतरंल एकवेळ, पण बोलावल्यावर परत वर चढून येईल ही गोष्ट काय पटत नाही. मग खरी झोंबाझोंबी लागली: हा साप कुठला? कथेत त्याला हिंदुस्थानातला सर्वांत विषारी म्हटलंय, नाव दिलंय दलदलीतल्या ॲडरचं. असा साप आपल्याकडं नाही. डोकं चौकटीसारखं चपटं, म्हणजे घोणस. पण मान फुगलेली, म्हणजे नाग. अंगावर पिवळ्यात तपकिरी ठिपके, म्हणजे परत घोणस किंवा फुरसं.

नर्सताई तोवर गप्प होत्या. त्यांनी वॉर्डात सर्पदंशाचे पेशंट काढलेले. “तुम्ही रंग बघत बसा. कथेत माणूस दहा सेकंदात मेलाय. घोणस चावली तर सूज येती, रक्त थांबत नाही, तासन् तास जातात. नाग-मण्यार चावली तर पापण्या जड होतात, मग श्वास. त्यालाही वेळ लागतोय. दहा सेकंदात मरणारा पेशंट मी बघितलेला नाही.” वाद साडेबाराला संपला, सभा अकराला संपायची होती. डॉइल स्वतः डॉक्टर, एडिंबरात जोसेफ बेलसारख्या बारीक नजरेच्या शिक्षकाच्या हाताखाली शिकलेला. त्यानं हे न कळून लिहिलं, की कळून, असा प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे. अजून सुटलेला नाही आणि सुटू नये असं मला वाटतं.

‘ब्लू कार्बंकल’च्या महिन्यात होम्स एका जुन्या हॅटवरून मालकाचं चरित्र सांगतो, म्हणून आम्ही ठरवलं, एकानं कुणाचीतरी वस्तू आणायची. शिराळ्याच्या पोरानं उजव्या पायाची एक कापशी चप्पल आणली. टेबलावर वर्तमानपत्र घालून मधोमध ठेवली. टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली. अंगठ्याची जागा एकदा सुटलेली आणि नायलॉनच्या दोऱ्यानं घरीच शिवलेली, टाके वाकडे. तळाला साबणाचा पांढरा थर वाळलेला. आणि पट्ट्यावर, वरच्या बाजूनं, बोटभर लांबीचा काळा घासा. साबण आणि टाके सगळ्यांना दिसले: माणूस पाण्यात काम करतो, चांभाराकडं जायला पैसे किंवा वेळ नाही. घाशापाशी सगळे अडले. एकजण म्हणाला, मोटारसायकलचा गिअर. दुसऱ्यानं लगेच खोडलं, गिअर डाव्या पायाला असतो, ही उजवी चप्पल. उजवीकडं ब्रेक, आणि ब्रेक वरून दाबतात, त्याचा घासा वर कसा पडेल? दोनेक मिनिटं शांतता. मग छापखानेवाले हळूच म्हणाले, “जुन्या बुलेटला गिअर उजवीकडं.”

माणूस खाली चहाच्या गाड्यावरच बसला होता. वर बोलावलं. “व्हय, बुलेट हाय,” तो म्हणाला. “पण माझी न्हाई, मालकाची. मी रोज धुतो आणि वाळवायला म्हणून एक चक्कर मारून आणतो. मालकाला सांगू नका.” होम्सचं तर्कशास्त्र आपल्याला कुठवर नेतं आणि कुठं सोडतं, याचं एवढं चांगलं प्रात्यक्षिक मी पुन्हा बघितलेलं नाही. चप्पल एका पायात घालून तो निघाला तेव्हा आबांनी त्याला टोपी दिली. सतरांतली पहिली टोपी अशी खपली.

आता सरांबद्दल. पहिल्या वर्षी ते सल्लागार होते आणि काहीच सल्ला देत नव्हते. ‘द एम्प्टी हाउस’ वाचताना ते एका ओळीवर थांबले. स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यावरून पडून मेला असं सगळ्यांनी समजलेला होम्स परत येतो आणि त्याच्या कथा सांगणाऱ्या मित्राला, वॉटसनला, सांगतो की अंधारात डोंगर तुडवून तो निसटला आणि आठवड्याभरात फ्लॉरेन्सला पोचला. एवढंच. फ्लॉरेन्सवर पुढं एक अक्षर नाही. पण कोल्हापूरच्या माणसाच्या कानाला फ्लॉरेन्स म्हटलं की एकच गोष्ट ऐकू येते. छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले, परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला वारले. वय वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, आणि १८७४ साली तिथं कासिने बागेच्या टोकाला छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा. होम्स धबधब्यावर होता तो दिवस ४ मे १८९१. म्हणजे तो फ्लॉरेन्सला पोचला तेव्हा ती छत्री सतरा वर्षांची होती.

होम्सनं ती बघितली असेल का?

१९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्सनं होम्सच्या कथा हे खरे दस्तऐवज आहेत असं मानून निबंध वाचला, आणि तेव्हापासून जगभरचे होम्सप्रेमी हा खेळ गंभीर चेहऱ्यानं खेळतात. आम्हाला आमचा डाव मिळाला. मी वहीत तीन रकाने आखले: कथेत आहे, इतिहासात आहे, आपला तर्क. पहिल्या दोन रकान्यांत नसलेलं वाक्य तिसऱ्यातच जाईल आणि तिसऱ्यातलं वाक्य कधीही पहिल्या दोघांत घुसणार नाही, एवढा एकच नियम. तो पाळायला किती जड जातो ते लगेच कळलं. फ्लॉरेन्सनंतर होम्स दोन वर्षं तिबेटात होता असं कथा सांगते. मग एकानं दाखवलं की मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ सालीच सुरू झाली. तो उभा राहून सांगत होता, आवाज चढलेला: होम्स छत्री बघतो, महाराजांचं नाव वाचतो, तिबेटला जायला हिंदुस्थानात उतरतो, आणि मिरजेला गाडी बदलून कोल्हापूरला येतो! टाळ्या पडल्या. कबूल करतो, माझ्याही अंगावर काटा आला. पण वही माझ्या हातात होती. रूळ होते म्हणून माणूस आला असं होत नाही. वॉटसनबद्दल तरी ‘मुंबईत उतरलो’ असं पहिल्याच कादंबरीत लिहिलेलं आहे. होम्सच्या वाटेबद्दल तसं काही नाही. गाडी तिसऱ्या रकान्यात गेली. तो सभासद दोन महिने माझ्याशी बोलला नाही, पण बैठकीला येत राहिला. पहिल्या वर्षी रुसलेली माणसं यायचीच बंद व्हायची.

सध्या आमची ३१ वी कथा चालू आहे. नियमित येणारे बारा-तेरा, त्यात पहिल्या सतरांतले सहाच. गेल्या वर्षीच्या हिशोबात पुस्तकं आणि चहा, दोनच रकाने आहेत. रबरी शिक्का मंडळाच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर मारतो, शाई वाळली की आबा त्यात थेंबभर पाणी घालतात. टोप्या अकरा शिल्लक आहेत.

छत्रीचा प्रश्न मात्र पुढं सरकला. नर्सताईंचा भाचा कंपनीच्या कामानं मे महिन्यात इटलीला गेला. त्याला आम्ही काम दिलं: फ्लॉरेन्सच्या स्टेशनवरून छत्रीपर्यंत चालत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजायचं, आणि फोटो काढायचा. होम्स आठवड्याच्या थकव्यानं आला असताना तेवढं चालला असता का, हे तिसऱ्या रकान्यासाठी हवं होतं. त्याचा निरोप आला, पन्नास मिनिटं, सोबत फोटो. छापखानेवाल्यांनी तो मोठा छापून टेबलावर ठेवला. छत्री, पुतळा, मागं आभाळ. बारा डोकी वाकली. कुणी सावलीवरून वेळ काढत होतं, कुणी पुतळ्याचा रंग बघत होतं.

ब्योमकेशवाली मुलगी म्हणाली, “मागच्या झाडांना पानं न्हाईत.”

“मग?”

“मे महिन्यात?”

सगळ्यांनी नर्सताईंकडं बघितलं. त्यांनी फोटो उचलला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि पर्समधून फोन काढला.

“थांबा,” त्या म्हणाल्या, “विचारतो त्याला.”